शस्त्रक्रियेचा वॉर्ड आणि आपले समाचाराला जाणे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असा एखादा सर्वमान्य विषय आम्ही घेऊ अशी मंडळाची अपेक्षा असावी. आम्ही निवडलेला विषय तितका सुखकर नाही. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या खाटेभोवती आपण सारे जमतो, त्या जमण्याविषयी आज बोलावयाचे आहे. पस्तीस वर्षे भूल देण्याच्या व्यवसायात घालविल्यानंतर, आणि या ज्ञातीचा एक घटक म्हणून तितकीच वर्षे समाचाराला जात राहिल्यानंतर, हे बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो असे आम्ही समजतो.

समाचाराला जाणे हे आपल्याकडे केवळ शिष्टाचाराचे कृत्य नाही. लग्नाला गेलो नाही तर कालांतराने विसर पडतो; दुखण्यात गेलो नाही हे मात्र दोन पिढ्या लक्षात राहते. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केवळ आपल्या जिल्ह्यातील नव्हे तर धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी इकडील रुग्णही येतात. परगावचा दुखणेकरी आला की त्याच्या मागून घरातील चार माणसे येतात, आणि गावात ज्ञातीची जी घरे असतील ती सर्व एकेकदा येऊन जातात. कोणी पेज आणतो, कोणी शहाळे आणतो. रात्री खाटेखाली सोलापुरी चादर अंथरून तीन माणसे निजतात. हे दृश्य आम्ही हजारदा पाहिले आहे आणि त्यात आम्हांस पुष्कळदा गहिवरूनही आले आहे.

या रीतीला इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरोघर तपासणी झाली, दुखणेकरी घरातून उचलून नेले गेले, आणि गेलेला माणूस परत दिसेल की नाही या धास्तीने लोक आजार लपवू लागले. त्या वेळी पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले आणि मुंबईत अनेक ज्ञातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. आपला माणूस आपल्या दृष्टीसमोर राहावा, त्याच्या मुखात पाणी घालणारा हात ओळखीचा असावा, ही त्यामागची भावना होती. आजही पुष्कळ रुग्णालयांत पन्नास खाटांमागे रात्री एक किंवा दोन सिस्टर असतात. तेथे नातेवाईक नसेल तर रुग्णाची कूसही कोणी बदलणार नाही. तेव्हा नातेवाइकांना वॉर्डाबाहेर हाकलून द्या असे आम्ही म्हणणार नाही. म्हटले तरी ते होणार नाही, आणि झाले तरी त्यात रुग्णाचे हित नाही.

आता एक प्रसंग सांगतो. गाव आणि रुग्णालय सांगत नाही. कोविडच्या साथीच्या पूर्वी काही वर्षे घडलेली ही गोष्ट आहे.

जानेवारीचे दिवस होते, सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच आटोपली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात वीस खाटा. सातव्या खाटेवर आपल्याच ज्ञातीचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांची अंतर्गळाची शस्त्रक्रिया होऊन तिसरा दिवस होता आणि प्रकृती उत्तम होती. त्यांच्या पुतणीचे लग्न त्याच दिवशी गावात लागले, आणि लग्नाहून परतताना दोन गाड्यांतून वऱ्हाड समाचाराला उतरले. तासाभरात तीसेक माणसे येऊन गेली असतील. त्यांत पाच वर्षांचा एक नातू होता. त्याचे नाक वाहत होते. आजोबांनी त्याला लाडाने जवळ घेतले, आणि तो अर्धा तास खाटेवर बसून खेळला. शेजारच्या आठव्या खाटेवर यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ होते. आतड्याला पीळ पडल्यामुळे दोन दिवसांपूर्वी त्यांचे पोट उघडावे लागले होते. मुलाने त्यांच्या हातावर लग्नातला लाडू ठेवला. त्यांना अर्थात् खाण्याची बंदी होती, त्यांनी तो उशाशी ठेवून दिला आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला.

दोन दिवसांनी आजोबांना ताप आला. त्याच रात्री आठव्या खाटेला, दुसऱ्या दिवशी सहाव्या खाटेला आणि समोरच्या रांगेत एकाला. मग वॉर्ड झाडणाऱ्या मावशी, मग एक नवी सिस्टर. आठवड्याच्या आत सात रुग्ण आणि तीन कर्मचारी खोकत होते. आरंभी सर्वांचे लक्ष जखमांकडे होते, कारण शस्त्रक्रियेनंतर ताप आला की शल्यवैद्य प्रथम टाके पाहतो, आणि ते योग्यच आहे. जखमा स्वच्छ होत्या. दोघांच्या घशातील स्राव तपासणीस पाठविला तेव्हा इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला.

सहा जण बरे झाले. आठव्या खाटेवरील गृहस्थांना खोकल्याची उबळ अनावर झाली. सहाव्या दिवशी त्यांच्या पोटाचे टाके तुटले, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. भूल आम्हीच दिली. नंतर न्यूमोनिया झाला आणि बाराव्या दिवशी ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर आतड्याच्या विकाराचे नाव लिहिले गेले. त्यांची पत्नी आम्हांस एवढेच म्हणाली, “ऑपरेशन चांगलं झालं म्हणाला होता ना, डॉक्टर?” शस्त्रक्रिया खरोखरच चांगली झाली होती.

हा दोष त्या मुलावर किंवा त्या वऱ्हाडावर टाकून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो, आणि बरीच वर्षे मनातल्या मनात तसेच केले. परंतु सर्व सांगावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की त्याच आठवड्यात आमचा घसा दोन दिवस दुखत होता आणि अंगात कणकण होती. आमच्या जागी भूल देणारे दुसरे कोणी नव्हते. शस्त्रक्रियागृहात आम्ही अर्थातच तोंडाला मास्क लावत होतो. तो दारात उतरवून ठेवीत होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांची तपासणी करण्यासाठी उघड्या तोंडाने खाटेखाटेपाशी वाकत होतो. आठव्या खाटेपाशीही वाकलो होतो. विषाणू त्या मुलाने आणला, मावशींनी आणला की आम्ही, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही.

मास्क दारात उतरविण्याच्या या सवयीचे मूळ शल्यशास्त्राच्या इतिहासात आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिरुग्णालयात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुण्यास लावले. १८६७ साली लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाउ येथे फ्ल्युगे यांनी बोलताना तोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून जंतू पसरतात हे दाखविले, आणि तेथीलच शल्यवैद्य मिकुलिच तोंडावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया करू लागले. म्हणजे आज घरोघरी माहीत झालेला मास्क मुळात शल्यवैद्याच्या मुखापासून रुग्णाच्या उघड्या जखमेचे रक्षण करण्यासाठी जन्मला. जखमेचे रक्षण करण्यात या शास्त्राने जे यश मिळविले ते अद्भुतच होय. परंतु जखम शिवून झाली, रुग्ण वॉर्डात आला, की रक्षणाचे काम संपले असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. त्याच्या श्वासाचा विचार कोणी केला नाही.

वस्तुतः त्याच वेळी तो विचार सर्वाधिक हवा असतो. आपल्या श्वासनलिकेच्या आतून सूक्ष्म केसांचा एक थर असतो. तो अखंड हलत राहून धूळ, जंतू आणि कफ वरच्या बाजूस लोटीत असतो. भुलीच्या औषधांनी आणि कोरड्या वायूंनी हे हलणे मंदावते. पोटाच्या वरच्या भागावर छेद घेतला असेल तर पहिल्या दिवशी माणसाची खोल श्वास घेण्याची शक्ती सुमारे निम्मी होते. टाके दुखतात म्हणून तो खोकत नाही. वेदनाशामक औषधांनी खोकल्याची प्रेरणाही मंद होते. आणि उताणा पडून राहिल्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो. चालत्याबोलत्या माणसाला जी सर्दी तीन दिवस रुमाल भिजविते, ती अशा माणसाच्या छातीत उतरते. शस्त्रक्रियेनंतर सिस्टर तीन चेंडूंचे यंत्र हातात देतात आणि ओढा म्हणतात, त्याचा पुष्कळ लोकांस कंटाळा येतो. घरी नेऊन ते मुलांना खेळावयास देतात. ते यंत्र मिटलेले फुप्फुस उघडण्यासाठी आहे. तसेच खोकताना एक उशी पोटाशी घट्ट धरावी, म्हणजे टाक्यांवर ताण कमी येतो आणि कफ बाहेर पडतो. हे रुग्णाला शिकविणारा एक नातेवाईक पेज आणणाऱ्या दहांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

इन्फ्लुएंझाचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणून “मला काही झालेले नाही” हे वाक्य प्रामाणिक असूनही पुरेसे नसते. लहान मुले मोठ्यांपेक्षा अधिक दिवस विषाणू बाहेर टाकतात. खाटेचा लोखंडी कठडा, औषधांची ट्रॉली, मोबाइल अशा गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, कापडावर त्याहून बराच कमी. हवेतून तो किती पसरतो हे त्या जागेत खेळत्या हवेवर अवलंबून आहे. या कामी जुन्या पद्धतीचे वॉर्ड, ज्यांत छत उंच आणि समोरासमोर खिडक्या असतात, ते नव्यांहून सरस ठरतात असे आमचे मत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अशाच रचनेचा आग्रह धरला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नैसर्गिक वायुवीजनाविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात सामान्य वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला साठ लिटर ताजी हवा मिळावी असे म्हटले आहे. आपल्या उन्हाळ्याचा ताप लक्षात घेता वातानुकूलित खोलीचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु भिंतीवरचे साधे यंत्र तीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवीत असते, आणि बंद ‘स्पेशल रूम’मध्ये दहा पाहुणे तास-तास बसले तर तिचे भाडे अधिक असल्यामुळे विषाणू बिचकत नाही.

२०२० साली हे सर्व साऱ्या जगाला एकदम शिकावे लागले. वुहानच्या झोंगनान रुग्णालयातील १३८ कोविड रुग्णांचा वृत्तांत त्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५७ जणांना संसर्ग रुग्णालयातच झाला असावा असे तेथील वैद्यांचे अनुमान होते: ४० कर्मचारी आणि अन्य कारणांसाठी आधीच दाखल असलेले १७ रुग्ण. त्या सतरांतील सात शस्त्रक्रिया विभागातील होते. आणि ४० कर्मचाऱ्यांपैकी ३१ सामान्य वॉर्डांतील, अतिदक्षता विभागातील अवघे दोन. जेथे धोका आहे हे सर्वांस ठाऊक होते तेथे माणसे सावध होती. जेथे कोणाला संशय नव्हता तेथे ती आजारी पडली. एक रुग्ण तर पोटदुखीची तक्रार घेऊन आला म्हणून शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ठेवला गेला होता. त्याच्यापासून दहाहून अधिक कर्मचाऱ्यांना आणि त्याच वॉर्डातील निदान चार रुग्णांना संसर्ग झाला असे मानले गेले. हा वृत्तांत वाचताना आम्हांस आमची सातवी आणि आठवी खाट आठवली, हे सांगावयास नकोच.

पुढच्या एप्रिलात मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालयातील २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित आढळले, आणि महापालिकेने सबंध रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केले. १२ एप्रिल २०२० रोजी सोलापुरात पहिला रुग्ण नोंदला गेला. त्यानंतरचे दिवस आपण सर्वांनी भोगले आहेत, त्यांचे वर्णन येथे करीत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात २४ देशांतील २३५ रुग्णालयांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्या ११२८ रुग्णांपैकी निम्म्यांहून अधिकांना फुप्फुसाचे उपद्रव झाले, आणि तीस दिवसांच्या आत शेकडा २३.८ मरण पावले. पुढील वर्षीच्या एका फार मोठ्या अभ्यासावरून, कोविड होऊन सात आठवडे झाल्याखेरीज, टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया करू नये असा सल्ला निघाला. पुढे लसीकरण झाले, आजाराचे स्वरूप सौम्य झाले, तशी ही मुदत शिथिल झाली.

परंतु त्यातले तत्त्व साध्या सर्दी-तापालाही लागू आहे, आणि येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्यातील पुष्कळ लोक शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आलेला ताप भूल देणाऱ्यापासून लपवितात. दिवस शुभ निघालेला असतो, मुलाने मुंबईहून रजा काढलेली असते, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी आलेली असते, आणि तारीख गेली तर पुन्हा केव्हा मिळेल ही चिंता असते. गोळी घेऊन ताप उतरवून माणूस आमच्यासमोर येतो व “काही त्रास नाही” म्हणतो. असे लपविणाऱ्यांची छाती टेबलावर आम्ही ऐकली आहे. अंतर्गळ किंवा पित्ताशयातील खडे यांसारखी शस्त्रक्रिया बहुधा काही आठवडे थांबू शकते. जी थांबू शकत नाही ती करावी लागतेच, पण त्या वेळी सर्दीची माहिती असेल तर आम्ही निराळी सिद्धता ठेवतो आणि रुग्णाला वॉर्डात निराळा ठेवता येतो.

कर्मचाऱ्यांविषयीही दोन शब्द. आपल्या ज्ञातीच्या कित्येक मुली आज परिचारिका आहेत. ताप असताना कामावर येणाऱ्या सिस्टरचे आपण कौतुक करतो, तिच्या निष्ठेच्या गोष्टी सांगतो. तिला रजा मिळत नाही म्हणून ती येते, आणि तिची जागा घेणारे कोणी नसते म्हणून रजा मिळत नाही. हे बदलणे संस्थेच्या हाती नाही. परंतु ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत असे चार-पाच डॉक्टर या सभागृहात बसलेले आहेत, आणि त्यांच्या हाती ते निश्चित आहे. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी सर्व कर्मचाऱ्यांना, वॉर्डबॉय व मावशी यांच्यासह, देणेही त्यांच्याच हाती आहे. आपल्याकडे या रोगाचा मोठा जोर पावसाळ्यात आणि लहान जोर जानेवारी ते मार्चमध्ये असतो. लसीचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, हे ध्यानात ठेवून ती आधी घेतली पाहिजे. ज्यांच्या घरी वृद्धांची शस्त्रक्रिया ठरली आहे अशा कुटुंबांनीही आपल्या डॉक्टरांना याविषयी विचारावे.

आता संस्थेकडे येतो. दर वर्धापनदिनी आपण रुग्णालयात फळवाटप करतो. गतवर्षीच्या स्मरणिकेतील छायाचित्र आपण पाहिले असेल. त्यात आम्हीही आहोत. एका खाटेभोवती अकरा पदाधिकारी उभे आहेत, एका केळ्याला आठ हात लागलेले आहेत, आणि ज्याला ते केळे दिले जात आहे त्या रुग्णाच्या नाकात नळी आहे. त्याला खाण्याची बंदी असावी हे भूल देणाऱ्या माणसालाही त्या क्षणी सुचले नाही. त्या दिवशी आम्ही एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात असे पाच वॉर्ड हिंडलो. आमच्यापैकी कोणाच्याही मुखावर मास्क नव्हता, कारण छायाचित्र काढावयाचे होते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक सूचना लेखी ठेवली आहे. यंदा वॉर्डात जाऊन फळवाटप करू नये. ती रक्कम, आणि आमच्याकडून तितकीच भर, यांतून परगावच्या ज्ञातिबांधवांसाठी वर्षभर डब्याची व्यवस्था करावी. डबा रुग्णालयाच्या फाटकावर द्यावा, वर जाऊ नये. रुग्णापाशी एकाच नातेवाइकाने राहावे, शक्यतो तोच रोज राहावा, त्याला संस्थेने मास्क द्यावेत. आणि बाकीच्यांस रात्री निजण्यासाठी आपल्या कार्यालयाची मागील खोली उघडून द्यावी. समाचाराला येणाऱ्यांनी तेथेच बसून त्या कुटुंबाची विचारपूस करावी. रुग्णाशी बोलावेसे वाटले तर आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. सर्दी-ताप असलेल्याने आणि लहान मुलांनी वॉर्डात जाऊ नये. यामुळे कोणी रुसेल, पुढे लग्नात बोलून दाखवील. त्याला आमचे नाव सांगावे.

मंडळातील काही ज्येष्ठांस ही सूचना रुचलेली नाही. फळवाटपाची प्रथा संस्थेच्या स्थापनेपासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे. निर्णय पुढील बैठकीत व्हावयाचा आहे. तोपर्यंत डबा देण्यास तयार असलेल्या घरांची नावे आम्ही एका वहीत लिहून घेत आहोत. वही प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवलेली आहे, आणि आतापर्यंत तीत नऊ नावे आली आहेत. दुपारचा डबा बारापूर्वी फाटकावर पोहोचला पाहिजे, एवढे मात्र नाव लिहिताना ध्यानात असू द्यावे.